१०४२ नंबरची पट्टी गेली कुठं? ऑटो-इन्क्रिमेंट आणि फसलेले इन्सर्ट

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक भरात आली की एकेका अडत दुकानात दोन-तीन कॉम्प्युटरवर एकदमच पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, निघत असतात. काट्यावरून वजन येतं, हमाली-तोलाई वजा होते, समोर शेतकरी ताटकळत उभा असतो. रात्री दुकान आवरताना मालक पट्ट्यांचा गठ्ठा नंबरवार लावतात, तर १०४१ च्या खाली थेट १०४३. मधला १०४२ नाहीच. कॉम्प्युटरवर शोधलं तर तिथंही नाही.

"१०४२ कुठंय?"

"मालक, मी काहीच डिलीट केलं नाही."

बहुतेक वेळा ऑपरेटर पोरगा खरं सांगत असतो, पण पुढचं कारण त्याला देता येत नाही. ज्यांची हयात कागदी पावतीपुस्तकात गेली, त्यांना मधला नंबर गायब दिसला की कुणीतरी पान फाडलं असंच वाटणार, आणि पावतीपुस्तकाच्या बाबतीत ते बरोबरही असतं. डेटाबेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदी जिथं साठतात तिथं, मात्र नंबर गळायला कुणाचा हात लागावा लागत नाही. हे कारण दुकानदारालाही कळावं आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही नीट सांगता यावं, म्हणून हा लेख. विनाकारण संशय घेतलेली पोरं नोकरी सोडून जातात, हे मला फार लागतं.

टेबलातल्या प्रत्येक ओळीला स्वतःची अशी एक ओळख लागते. तिला प्रायमरी की म्हणतात. ही ओळख म्हणून चढता क्रमांक वापरायचा आणि तो देण्याचं काम डेटाबेसवरच सोडायचं, याचं नाव ऑटो-इन्क्रिमेंट. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हेच नाव चालतं; इतर डेटाबेसपैकी पोस्टग्रेसमध्ये सिरियल किंवा आयडेंटिटी, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी, ओरॅकलमध्ये सीक्वेन्स. नावं काहीही असोत, आत एक काउंटर असतो. तो टेबलातल्या ओळींपासून वेगळा ठेवलेला असतो आणि पुढचा आकडा सांगणं एवढंच त्याचं काम.

यात कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. नवीन ओळ घालायला आली (यालाच इन्सर्ट म्हणतात) की आधी काउंटरवरून नंबर उचलला जातो. ही ओळ ठेवण्यालायक आहे का, याची तपासणी त्यानंतर होते.

समजा सॉफ्टवेअरमध्ये नियम आहे की एका काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीवर, एकच हिशोबपट्टी निघाली पाहिजे, म्हणजे काटापट्टीच्या क्रमांकावर युनिक बंधन घातलंय. नेट हळू आहे, स्क्रीन हलत नाही, म्हणून ऑपरेटरने सेव्ह दोनदा दाबलं. पहिल्या विनंतीने १०४१ उचलला, ओळ लिहिली गेली. दुसऱ्या विनंतीने १०४२ उचलला आणि मग तिला कळलं की ही काटापट्टी आधीच नोंदवलेली आहे. एरर आली, ओळ नाकारली गेली. पण १०४२ उचलून झाला होता. पुढच्या शेतकऱ्याची पट्टी १०४३ नंबरने निघाली. पुष्कळ सॉफ्टवेअर ही डुप्लिकेटची एरर स्क्रीनवर दाखवतही नाहीत, कारण ऑपरेटरच्या दृष्टीने काम झालेलंच असतं. त्यामुळे मधे काही फसलं होतं याचा त्याला पत्ताच नसतो.

दुसरा प्रकार रोलबॅकचा. पट्टी करताना एकाच टेबलात लिहून भागत नाही. पट्टीची ओळ, मालाच्या ओळी, शेतकऱ्याच्या खात्यातून उचल वजा करण्याची नोंद, हे सगळं मिळून एक ट्रान्झॅक्शन असतं: झालं तर सगळं, नाही तर काहीच नाही. उचल वजा करताना काही अडलं तर आधी लिहिलेली पट्टीची ओळसुद्धा पुसली जाते. रोलबॅक म्हणजे सगळं पूर्ववत, असं आपण शिकतो. काउंटर त्याला अपवाद आहे. ओळ जाते, उचल होती तशी राहते, काउंटर मात्र पुढे सरकलेलाच राहतो. हा अपवाद राहून गेलेला नाही, जाणूनबुजून ठेवलेला आहे.

नंबर परत का घेत नाहीत?

ऐकायला सोपं वाटतं: ओळ फसली, तर काउंटर एकाने मागे घ्या. दुकानात एकच कॉम्प्युटर असता तर तसं करताही आलं असतं.

आता दोन कॉम्प्युटर धरा. पहिल्याने १०४२ उचलला आणि त्याचं काम अजून चालू आहे. तेवढ्यात दुसऱ्याने १०४३ उचलला, त्याची पट्टी पूर्ण झाली, छापली गेली, शेतकरी ती खिशात घालून गावाकडे निघालाही. मग पहिल्याचं काम फसलं. काउंटर १०४२ वर आणला तर पुढच्या पट्टीला १०४२ मिळेल आणि त्याच्या पुढचीला १०४३, जो आधीच एकाच्या खिशात आहे. म्हणजे टक्कर.

मग परत आलेले नंबर एका यादीत ठेवून पुढच्याला त्यातला द्यायचा का? करता येईल. पण संध्याकाळी सात वाजताच्या पट्टीला सकाळी अकराचा नंबर लागेल, नंबर आणि वेळ यांचा मेळ सुटेल. शिवाय दर इन्सर्टला आधी यादी बघायची आणि त्या यादीसाठीही दोघांची झटापट होऊ द्यायची नाही, हे काम वाढलंच.

तिसरा मार्ग उरतो: पहिल्याचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याला नंबरच द्यायचा नाही. यात भोक कधीच पडणार नाही. पण मग त्या टेबलात एका वेळी एकच जण लिहू शकेल, बाकीचे सगळे रांगेत. तीन कॉम्प्युटरच्या दुकानाला ते चालून जाईल. एकाच वेळी असंख्य लोकांच्या नोंदी घेणारी रेल्वे आरक्षणासारखी यंत्रणा त्यात गुदमरेल. डेटाबेस दोघांसाठीही लिहिलेला असतो.

म्हणून सगळ्या मोठ्या डेटाबेसनी ठरवून टाकलं की एकदा दिलेला नंबर दिला, तो परत घ्यायचा नाही. दवाखान्यात १८ नंबरवाला कंटाळून घरी गेला, तर कंपाउंडर १९ वाल्याचा नंबर १८ करत बसत नाही. पुढचा नंबर पुकारतो. काउंटर एकच हमी देतो: दोन ओळींना एक नंबर जाणार नाही. सलगपणाची हमी त्याने कधीच दिलेली नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेत तर स्पष्टच लिहिलंय की सीक्वेन्स वापरून बिनखंड क्रमांक मिळणार नाहीत.

यात एसक्यूलाइट थोडा वेगळा आहे. मोबाइल ॲपमध्ये असतो तो हा छोटा डेटाबेस. त्याच्यात ऑटो-इन्क्रिमेंटचा शेवटचा आकडा एका साध्या टेबलात लिहिलेला असतो, त्यामुळे ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं की तो आकडाही मागे येतो. त्याला हे परवडतं, कारण तिथं एका वेळी एकालाच लिहिता येतं. रांग मुळातच आहे.

नंबर कशाकशात जळतो

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, लिहिण्यातच चूक असेल तर गोष्ट काउंटरपर्यंत पोचत नाही, नंबर वाचतो. युनिक बंधन मोडलं, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा नंबर) जुळली नाही, रोलबॅक झालं, अशा वेळी तो जातो. इथवर लोकांना पटतं. ज्याकडे लक्ष जात नाही ते हे, की एरर न येताही नंबर जळतात.

"असेल तर बदल, नसेल तर घाल" या पद्धतीचं इन्सर्ट आजकाल सगळीकडे दिसतं. मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' किंवा 'इन्सर्ट इग्नोर', पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट'. ओळ आधीच आहे का हे बघण्याआधी नंबर उचललेला असतो. म्हणजे जुनी ओळ फक्त अपडेट झाली, नवीन काहीच आलं नाही, तरी काउंटर एकाने पुढे.

याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. समजा एखादी सेवा राज्यभरातल्या बाजार समित्यांचे भाव दर पाच मिनिटांनी अशा पद्धतीने टेबलात ओतते आणि दर वेळी ५०,००० ओळी असतात. दिवसात २८८ वेळा हे होणार, म्हणजे रोज १ कोटी ४४ लाख नंबर खर्ची पडणार. टेबलात ओळी मात्र ५०,००० च राहतील. साध्या इंट (पूर्णांक) प्रकाराच्या रकान्यात जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ एवढा आकडा मावतो. भागाकार केला तर साधारण १४९ दिवस. पाच महिनेही पुरे न होता त्या टेबलात नवीन ओळ जायची बंद होईल आणि टेबल बघणाऱ्याला कळणार नाही की पन्नास हजार ओळींमध्ये दोनशे कोटी नंबर संपले कसे. मायएसक्यूएल तर अशा वेळी डुप्लिकेट कीची एरर देतं, कारण काउंटर शेवटच्या आकड्यावर अडकून तोच आकडा पुन्हा देऊ पाहतो. एरर वाचून माणूस भलतीकडेच शोधायला लागतो. अशा टेबलाची की पहिल्या दिवसापासून बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकाच्या प्रकाराची, ठेवावी. तिची मर्यादा एकोणीस अंकी आहे. ती आपल्या हयातीत संपत नाही.

एका टेबलातून दुसऱ्यात ओळी ओततानाही मायएसक्यूएल नंबर जास्तीचे उचलतं. किती ओळी येणार हे त्याला आधी माहीत नसतं, म्हणून ते आधी १, मग २, मग ४, मग ८ असे दुपटीने नंबर राखून ठेवतं. रिकाम्या टेबलात अशा १०० ओळी ओतल्या तर १२७ नंबर राखले जातात आणि त्यानंतरची ओळ १०१ ऐवजी १२८ ने सुरू होते. इथं काहीच फसलेलं नसतं.

लाइट गेली की

आपल्याकडे हा भाग महत्त्वाचा, कारण मोंढ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि प्रत्येक दुकानातला यूपीएस चालू असतोच असं नाही.

दर नंबरला डिस्कवर लिहीत बसलं तर काउंटर मंद होतो, म्हणून बरेच डेटाबेस नंबरांची एक थप्पी आधीच काढून मेमरीत ठेवतात. मशीन नीट बंद न होता बसलं की थप्पीतले उरलेले नंबर गेले. पोस्टग्रेसमध्ये असे जास्तीत जास्त ३२ नंबर जातात. ओरॅकलचा सीक्वेन्स मुळात २० ची थप्पी ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ आवृत्तीपासून इंट प्रकारासाठी ही थप्पी हजाराची झाली. त्यावर बिल नंबर टाकणाऱ्या दुकानात लाइट गेल्यानंतरचं पहिलंच बिल एकदम हजाराने पुढे गेलेलं दिसतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. २०१७ च्या आवृत्तीत ही थप्पी बंद करण्याची सोय आली, वेग थोडा कमी होईल या बोलीवर.

मायएसक्यूएलचा जुना प्रकार याच्या उलटा होता, आणि माझ्या मते जास्त वाईट. ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत इनोडीबीचा (मायएसक्यूएलमध्ये टेबलं साठवणाऱ्या भागाचा) काउंटर फक्त मेमरीत असायचा. सर्व्हर पुन्हा चालू झाला की टेबलातला सगळ्यात मोठा नंबर बघून त्याच्या पुढून मोजणी सुरू व्हायची. आता समजा शेवटची पट्टी १०५० होती, ती डिलीट केली आणि सर्व्हर बंद-चालू झाला. पुढच्या शेतकऱ्याला पुन्हा १०५० मिळणार. डिलीट केलेल्या पट्टीची छापील प्रत कुणाकडे असेल, तिचा नंबर बँकेच्या नोंदीत किंवा मेसेजमध्ये गेला असेल, तर एकाच नंबराचे दोन धनी. गळलेला नंबर फार तर प्रश्न उभा करतो, दोनदा दिलेला नंबर चुकीचं उत्तर देतो. या वागण्याची तक्रार २००३ मध्ये नोंदवली गेली होती. काउंटर डिस्कवर टिकवायला २०१८ ची ८.० आवृत्ती उजाडावी लागली. तालुक्याच्या गावी अजून ५.७ वर चालणारी सॉफ्टवेअर भरपूर आहेत, तेव्हा आपलं कुठल्या आवृत्तीवर आहे हे एकदा बघून घ्या.

पोस्टग्रेसवाल्यांना भेटणारी एक वेगळी गंमतही याच नियमातून येते. जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा आणताना आपण १ ते ५०० नंबर स्वतःच लिहितो. काउंटरला ते कळत नाही, तो अजून १ वरच असतो. मग नवीन पट्टी करताना डुप्लिकेटची एरर येते. पुन्हा दाबलं, पुन्हा एरर. चिकाटीचा ऑपरेटर असेल तर पाचशे वेळा फसल्यावर अचानक पट्टी होते, कारण प्रत्येक फसलेल्या इन्सर्टने काउंटर एकाने पुढे ढकललेला असतो! डेटा आणल्यावर 'सेटव्हॅल' वापरून काउंटर योग्य जागी नेला की हा त्रास होत नाही. मायएसक्यूएलमध्ये मोठा नंबर हाताने लिहिला तर काउंटर आपोआप त्याच्या पुढे जातो.

मग सलग नंबर हवाच असेल तर?

बिलाला तो हवाच असतो, आणि मालकाची तशी सवय आहे एवढंच त्याचं कारण नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमावलीतला नियम ४६ सांगतो की टॅक्स इन्व्हॉइसला अनुक्रमांक हवा, तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. करमुक्त मालाच्या बिलासाठी नियम ४९ मध्येही तसंच आहे. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात तर कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं काढली आणि त्यातली किती रद्द झाली, हे तक्त्यात भरावं लागतं. खत-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्याला हे रोजचं आहे. तिथं "डेटाबेसने नंबर खाल्ला" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही.

म्हणून प्रायमरी की आणि बिल नंबर हे दोन वेगळे रकाने ठेवा. की डेटाबेससाठी. ती कुठेही उडी मारो, ती कागदावर छापूच नका. बिल नंबर माणसांसाठी, तो आपण स्वतः सांभाळायचा.

इथं हात जातो तो "सगळ्यात मोठा नंबर काढा आणि एक मिळवा" या युक्तीकडे. तो आवरावा. दोन कॉम्प्युटरनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही १०४१ दिसतो आणि दोघेही १०४२ लिहायला जातात. एकट्याने चाचणी घेताना हे कधीच सापडत नाही. बाजाराच्या गर्दीच्या दिवशी सापडतं.

नीट पद्धत अशी. एक छोटं टेबल करा: आर्थिक वर्ष, बिलाची मालिका आणि शेवटचा नंबर. दर वर्षाला, दर मालिकेला एक ओळ. बिल करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरून ठेवायची, आकडा एकाने वाढवायचा, तो बिलात लिहायचा आणि कमिट करायचं, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करायचं. ही ओळ साधी असल्यामुळे रोलबॅक झालं की वाढवलेला आकडाही मागे येतो. दुसरा कॉम्प्युटर तोवर थांबतो, म्हणून टक्कर होत नाही. वर जी रांग नको म्हटली, तीच ही रांग आहे. फक्त ती गरज असेल तिथेच लावलेली आहे.

रांग लहान ठेवणं आपल्या हातात आहे. मालाच्या ओळी, उचल, तपासण्या हे सगळं आधी उरकून घ्या, नंबराची ओळ अगदी शेवटी धरा. प्रिंटरला पाठवणं किंवा शेतकऱ्याला मेसेज करणं कमिटनंतरच. प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून सगळं दुकान थांबलेलं मी पाहिलंय, कारण छपाई ट्रान्झॅक्शनच्या आत होती. आणि वर्ष, मालिका व नंबर या तिघांवर मिळून युनिक बंधन घालाच, म्हणजे कोडमध्ये कुठं चूक राहिली तरी दुबार नंबर टेबलात शिरणार नाही.

झालेलं बिल डिलीट करण्याची सोयच ठेवू नका. रद्द असा शेरा, रद्द करणाऱ्याचं नाव आणि वेळ. ओळ जागेवर राहते, नंबर जागेवर राहतो. आणि नुसत्या प्रायमरी कीमधली भोकं बुजवायला जाऊ नका. त्या नंबरांना इतर टेबलांतल्या ओळी बांधलेल्या असतात, एक हलवला की दहा ठिकाणी ओढ लागते.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आजच १०४२ गायब आहे आणि खरंच कुणी डिलीट केलं का ते बघायचंय, तर नुसत्या टेबलाकडे बघून उत्तर मिळणार नाही. फसलेलं इन्सर्ट आणि डिलीट केलेली ओळ, दोन्हींची खूण सारखीच, एक रिकामी जागा. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, मुळातच चालू असतो आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ३० दिवसांचा राहतो. इनोडीबी टेबलात कमिट झालेले बदलच त्यात उतरतात. १०४२ खरोखर तयार होऊन नंतर डिलीट झाली असेल तर तिचं येणं आणि जाणं दोन्ही तिथं वेळेसह सापडेल. इन्सर्टच फसलं असेल तर त्या पट्टीचा मागमूसही नसेल. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून हे बघायला सांगा, आणि ऑपरेटरला काही विचारायचं असेल तर ते त्यानंतर विचारा.